क्रिएटरचा धंदा सुरू करताय? आधी तासांची वही काढा

क्रिएटर म्हणजे व्हिडिओ, मेल, कोर्स असं काही बनवून त्यावर कमावणारा. यात नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला, कॅमेरा कुठला घेऊ. हातातला फोन पुरतो, विषय संपला. खर्च करायचाच असेल तर कॉलरला लावायचा साधा माईक घ्या, कारण चित्र जरा धूसर असलं तरी लोक चालवून घेतात पण आवाज घुमत असेल तर लगेच निघून जातात.

आता जे कुणी विचारत नाही त्याबद्दल बोलू, म्हणजे हे सगळं दोन-तीन वर्षं टिकवायचं कसं. मी शिलाई मशीनची दुरुस्ती शिकवते, व्हिडिओ, मेल आणि एक कोर्स असं मिळून, आणि आता घर त्यावर चालतं. पण इथवर येईपर्यंत बरंच काही उलट्या क्रमाने शिकले, आधी आपटले आणि मग कळलं. तुम्हाला सरळ क्रमाने सांगते, जिथे जास्त लागलं तिथे जास्त वेळ थांबेन.

पायरी १ : विषय नको, अडचण शोधा

'शिलाई' हा विषय झाला. 'मशीन खालून धागा गोळा करतेय' ही अडचण झाली. लोक सर्चमध्ये अडचण टाकतात, तीसुद्धा त्यांच्या शब्दांत, तुमच्या पुस्तकी शब्दांत नाही.

माझंच घ्या. धाग्याचा गुंता कापडाच्या खाली दिसतो म्हणून सगळे बॉबिनच्या, म्हणजे खालच्या धाग्याच्या रिळाच्या, मागे लागतात, बॉबिनची डबी काढतात, तिचा स्क्रू पिळतात, आणि खरी भानगड बहुतेक वेळा वरच्या धाग्याची असते. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारी पट्टी, खाली ठेवून धागा ओवला की टेन्शनच्या, म्हणजे धागा ताणून धरणाऱ्या, चकत्या आवळलेल्या असतात, धागा त्यांच्यात बसतच नाही, वरून ढिला सुटतो आणि खाली त्याचा गोळा होतो. फूट वर करा, धागा काढून परत ओवा, झालं काम. चार मिनिटांचा व्हिडिओ आहे तो. मी त्याला आधी नाव दिलं होतं 'वरच्या टेन्शनची सेटिंग' आणि कुणी फिरकेना, बरोबरच आहे, ज्याला टेन्शन हा प्रॉब्लेम आहे हेच माहीत नाही तो टेन्शन शोधेल कशाला. मग एका बाईंनी मला जे शब्द लिहून पाठवले होते तेच उचलून टायटल केलं, आणि आजही माझ्याकडे येणारी निम्मी नवीन माणसं त्या एका व्हिडिओवरून येतात.

तर पहिलं काम, एक साधी शीट करा आणि लोक जे विचारतात ते जसंच्या तसं त्यात टाकत जा, शुद्धलेखन पण सुधारू नका. तीस प्रश्न जमले तर सुरू करा. तीस जमतच नसतील तर एक तर विषय फार चिंचोळा आहे नाहीतर तुम्हीच त्या लोकांत अजून पुरेसे वावरलेले नाही, आणि दुसरं कारण जास्त वेळा खरं निघतं.

पायरी २ : तुमचे तास लिहा, खरे तास

ही पायरी सगळे टाळतात, मीही टाळली होती. सुरुवातीला मी मोठ्या उत्साहात जाहीर केलं की आठवड्याला दोन व्हिडिओ येणार. नोकरी चालू होतीच. तिसऱ्या महिन्यात शुक्रवारी रात्री दीड वाजता एडिटिंग करताना लक्षात आलं की एकच कट मी चार वेळा ऐकतेय आणि त्यात मी काय बोलतेय तेच डोक्यात शिरत नाहीये. त्यानंतर एका व्हिडिओला घड्याळ लावलं. विचार करून लिहिणं ३ तास, शूटिंग २, परत शूटिंग १ कारण माझा हात फ्रेमच्या बाहेर होता, एडिटिंग ६, थंबनेल (व्हिडिओचं मुखचित्र) आणि टायटल १, सबटायटल आणि अपलोड १, आणि मग लोकांना उत्तरं देणं २. झाले १६. दोन व्हिडिओ म्हणजे ३२, म्हणजे जवळजवळ दुसरी नोकरीच की.

म्हणून वेग ठरवताना तुमचा सगळ्यात वाईट आठवडा डोळ्यासमोर आणा, घरात कुणी आजारी आहे, ऑफिसात गोंधळ आहे, तुम्हाला सर्दी आहे, अशा आठवड्यात जे जमेल तेवढंच जाहीर करा. माझं उत्तर निघालं पंधरा दिवसांनी एक. लोक पळून गेले नाहीत.

मग तास कमी कुठे होतात ते शोधा. मी टेबलावर रंगीत चिकटपट्टीच्या चार खुणा करून ठेवल्यात, दोन मशीनच्या, एक ट्रायपॉडची, एक दिव्याची, त्यामुळे फ्रेम लावायचा वेळ गेला आणि हात बाहेर जाणंही बंद झालं. एकाच दिवशी दोन व्हिडिओ शूट करते, कारण पसारा मांडायचा आणि आवरायचा वेळ एकदाच लागतो. आणि तीन तयार व्हिडिओ कायम शिल्लक ठेवते, त्यांना हात लावायचा नाही, फक्त आजारपणात. यातला एक वापरला की पुढच्या महिन्यात परत तीन करायचे.

पायरी ३ : भाड्याच्या घरात राहताय हे विसरू नका

प्लॅटफॉर्मवरचे फॉलोअर तुमचे नसतात, ते प्लॅटफॉर्मचे ग्राहक असतात. व्हाइन नावाचं सहा सेकंदांच्या व्हिडिओंचं ॲप २०१३ मध्ये आलं, जबरदस्त चाललं, ट्विटरने ते विकत घेतलेलं होतं, ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी बंद करतोय असं जाहीर केलं आणि जानेवारी २०१७ मध्ये ते बंद झालं. ज्यांनी आपली माणसं आधीच यूट्यूबवर किंवा इन्स्टाग्रामवर नेली होती ते तरले. बाकीच्यांचे आकडे ॲपबरोबरच गेले. आणि ॲप बंद पडायलाच हवं असंही नाही, नुसता अल्गोरिदम, म्हणजे कुणाला काय दाखवायचं ते ठरवणारा हिशोब, बदलला किंवा तुमचं खातं चुकून लॉक झालं तरी तोच प्रकार.

यावर उपाय जुनाच आहे, ईमेलची यादी. पहिल्या आठवड्यापासून करा, 'हजार सबस्क्रायबर झाले की बघू' असं म्हणत मी दीड वर्ष घालवलं आणि ती सगळ्यात महागात पडलेली चूक आहे. लोकांना मेल आयडी द्यायला काहीतरी कारण द्यावं लागतं. 'न्यूजलेटरला जॉइन व्हा' हे कारण नाही होत. माझ्याकडे एक पानाचा तक्ता आहे, कुठल्या कापडाला कुठल्या नंबरची सुई, प्रिंट काढून मशीनच्या बाजूला चिकटवायचा. तो करायला एक संध्याकाळ लागली होती.

थोडी टेक्निकल कटकट आहे ती एकदाच करून टाका. मेल स्वतःच्या डोमेनवरून, म्हणजे तुमच्या नावाच्या वेब पत्त्यावरून, पाठवा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांचे नियम कडक केलेत, जीमेलच्या हिशोबात मोठं म्हणजे दिवसाला ५,००० च्या वर, त्यांना एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या तपासण्या) तिन्ही लावावे लागतात आणि एका क्लिकमध्ये नाव काढून घेता आलं पाहिजे. तुम्ही ५०० लोकांना पाठवत असलात तरी पहिल्या दिवसापासून हे लावा, तुमच्या मेल सर्व्हिसच्या सेटिंगमध्ये ज्या ओळी दिसतात त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे त्या पत्त्याच्या नोंदींत, कॉपी करायच्या, तासाभराचं काम आहे. स्पॅम म्हणून तक्रार करणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्याला पोचता कामा नये, म्हणजे हजारात तीन जण वैतागले की तुम्ही अडचणीत. म्हणून याद्या विकत घ्यायच्या नाहीत, आणि सहा महिने ज्यांनी एकही मेल उघडला नाही त्यांना एकदा विचारून काढून टाकायचं. जीव तुटतो, पण काढायचं. यादी महिन्यातून एकदा डाउनलोड करून ठेवा. यूट्यूबवरचे ओरिजिनल व्हिडिओसुद्धा, ते गूगल टेकआउटमधून, म्हणजे आपला डेटा उतरवून घ्यायच्या गूगलच्या सोयीतून, निघतात.

पायरी ४ : पैसे कुठून येतील

जाहिरातींपासून सुरू करते कारण सगळ्यांच्या डोक्यात तेच असतं. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास बघितलं गेलेलं असावं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे, म्हणजे यूट्यूबवरच्या छोट्या उभ्या व्हिडिओंचे, १ कोटी व्ह्यूज. ५०० सबस्क्रायबर आणि ३,००० तासांची एक खालची पायरी पण आहे पण त्यात मेंबरशिपसारख्या गोष्टी (लोक दर महिन्याला पैसे भरून सभासद होतात) उघडतात, जाहिराती नाही. ४,००० तास ऐकायला सोपं वाटतं ना? एक माणूस सरासरी ३ मिनिटं बघतो असं धरा, तर ८०,००० व्ह्यूज लागतात. आणि शॉर्ट्सच्या फीडमध्ये बघितलेले तास यात धरत नाहीत, हे खूप जणांना फॉर्म भरताना कळतं.

लांब व्हिडिओंच्या जाहिरातींतला ५५ टक्के वाटा तुमचा. शॉर्ट्सचं गणित वेगळं, तिथे सगळ्यांचा एकत्र गल्ला होतो आणि तुमच्या वाट्याला जे येतं त्याचे ४५ टक्के मिळतात. डॅशबोर्डवर सीपीएम बघून हुरळून जाऊ नका, जाहिरातदार हजार जाहिरातींना काय देतो तो आकडा आहे तो. तुमचा आकडा आरपीएम, हजार व्ह्यूजमागे तुमच्या हातात काय पडतं ते. डिसेंबरात तो चढतो कारण कंपन्या वर्षाचं बजेट संपवत असतात आणि जानेवारीत धाडकन खाली येतो, तेव्हा घाबरून व्हिडिओची पद्धत बदलू नका. एका महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेला निघतात, हप्ते भरायचे असतील तर हे लक्षात ठेवा.

दुसरी वाट मेंबरशिप. पॅट्रिऑन ही साइट २०१३ पासून हेच करतेय, यूट्यूबची स्वतःची मेंबरशिप आहे (त्यात ७० टक्के तुमचे), न्यूजलेटरसाठी सबस्टॅक ही साइट १० टक्के घेते आणि पेमेंटची फी वेगळी. दर महिन्याला येणारा पैसा म्हणून हे गोड वाटतं, पण इथे लोक आश्वासनं देताना वाहवत जातात. मी लिहिलं होतं, 'प्रत्येक मेंबरच्या मशीनचा प्रॉब्लेम मी स्वतः बघेन.' २० मेंबर होते तोवर मजा आली. ९० झाल्यावर माझा रविवार संपला. मेंबर वाढले की काम वाढेल असं काहीही कबूल करू नका. महिन्यातून एक लाइव्ह सेशन ठीक आहे, १० आले काय, ३०० आले काय, दीड तासच जातो.

तिसरी, आणि माझ्या मते नवीन माणसाने सगळ्यात जास्त डोकं लावावं अशी, स्वतःचं काहीतरी विकणं. कोर्स, पीडीएफ, टेम्पलेट, काहीही. इथली माझी गोष्ट अशी की मी पहिला कोर्स पाच महिने घरात बसून केला, ४२ धडे, चकाचक, आणि उघडला त्या आठवड्यात ७ जणांनी घेतला, त्यातली एक माझी मावसबहीण. पुढच्या वेळी उलटं केलं. यादीतल्या लोकांना मेल टाकला की चार शनिवार लाइव्ह शिकवणार, १२ जागा, आधी पैसे, जमलं नाही तर परत. जागा भरल्या, मग शिकवायला घेतलं, आणि त्या १२ जणांनी जिथे जिथे मला थांबवलं तिथे तिथे कोर्सचे धडे झाले. ते ९ निघाले. ४२ नाही. तोच कोर्स आजही विकला जातोय. म्हणजे आधी विका, मग त्यांच्या समोर बनवा, मग रेकॉर्ड करा.

एकाच वाटेने निम्म्याच्या वर पैसे यायला लागले तर आनंद करा आणि लगेच दुसरी वाट उघडायला घ्या.

पायरी ५ : स्पॉन्सर

पहिला स्पॉन्सरचा मेल आला की माणूस नाचतो आणि न वाचता हो म्हणतो. मी पण म्हटलं. ॲग्रीमेंटमध्ये एक ओळ होती, व्हिडिओचा कुठलाही भाग कुठेही, कायमस्वरूपी वापरायचा हक्क कंपनीला. दोन वर्षांनी मी एक जाहीरात बघते तर हात माझे! नखावरची ती जुनी भाजल्याची खूण सकट. पैसे एकाच व्हिडिओचे मिळाले होते. आणखी एका ओळीप्रमाणे मी सहा महिने 'शिलाईशी संबंधित कुठल्याही उत्पादनाचं' काम घ्यायचं नव्हतं, म्हणजे धागा, सुई, कात्री, तेल, सगळंच आलं की यात, आणि नेमकं त्याच काळात दुसरं चांगलं काम आलं आणि सोडावं लागलं.

तेव्हा हो म्हणायच्या आधी हे बघा. व्हिडिओ ते कुठे आणि किती महिने वापरणार, जास्त हवं तर जास्त पैसे. दुसऱ्या कुणाचं काम करू नका म्हणत असतील तर नेमक्या कुठल्या वस्तूंचं आणि किती दिवस. बदल किती वेळा सांगणार, मी दोनदा फुकट करते, तिसऱ्याला पैसे. काम रद्द झालं तर काय. पैसे व्हिडिओ टाकल्यापासून किती दिवसांत, ३० म्हणतात आणि ६० होतात म्हणून मी निम्मे आधी घेते. आणि जाहिरात आहे हे व्हिडिओच्या सुरुवातीलाच तोंडाने सांगा, अपलोड करताना पेड प्रमोशनची खूण पण करा. जे तुमच्या स्वतःच्या मशीनला लावणार नाही त्याची जाहिरात करू नका, एवढं पाळलं तरी बरीच डोकेदुखी वाचते.

आता धोक्याची गोष्ट. स्पॉन्सर म्हणून येणारे काही मेल चोरांचे असतात. मार्च २०२३ मध्ये लायनस टेक टिप्ससारखं दीड कोटीच्या आसपास सबस्क्रायबरचं चॅनल असंच गेलं होतं, त्यांच्याकडच्या कुणीतरी स्पॉन्सरची ऑफर समजून आलेली फाइल उघडली, ती पीडीएफसारखी दिसत होती, आणि तिने ब्राउझरमधला लॉगिन टोकन, म्हणजे आधीच लॉगिन केलंय याची डिजिटल खूण, उचलला. पासवर्ड लागलाच नाही, दुहेरी पडताळणीचा उपयोग झाला नाही, कारण आधीच लॉगिन झालेलं सेशनच चोरलं गेलं. ते टेकवाले होते, आपण कोण? म्हणून स्पॉन्सरच्या फाइल्स अशा डिव्हाइसवर उघडा जिथे चॅनलचं खातं उघडलेलं नाही, कॉम्प्युटरवर फाइलचं पूर्ण नाव शेपटीसकट (.pdf, .exe वगैरे) दिसेल अशी सेटिंग करा, आणि मदतनीसाला पासवर्ड देऊ नका, यूट्यूबच्या परमिशन्समधून हवी तेवढीच परवानगी द्या. दुहेरी पडताळणी तरीही लावाच, बाकीच्या चोऱ्या त्याने थांबतात.

पायरी ६ : कॉपीराइट, थोडक्यात

'क्रेडिट दिलंय' म्हणजे परवानगी मिळाली असं नसतं. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (मालकाने आधीच वापरायची मुभा दिलेल्या गोष्टींच्या) लायसन्समध्ये नॉन-कमर्शियल लिहिलं असेल तर तुमच्या कमाईच्या व्हिडिओत ते नको. कंटेंट आयडीचा (दुसऱ्याचं गाणं, चित्रण आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) क्लेम आला तर सहसा त्या व्हिडिओचे पैसे दुसऱ्याकडे जातात, चॅनलला धक्का लागत नाही. स्ट्राइक, म्हणजे मालकाच्या तक्रारीवरून यूट्यूबने दिलेली ताकीद, वेगळा, ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल बंद होऊ शकतं. गाणं हवंच असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घ्या. मी गाणीच लावत नाही, का ते पुढे येईल.

पायरी ७ : पैशाची शिस्त

धंद्याचं बँक खातं वेगळं, पहिल्याच दिवशी. आलेल्या प्रत्येक रकमेतला टॅक्सचा भाग लगेच बाजूला काढा, किती ते तुमच्या इथल्या सीएला किंवा जो कोणी जाणकार असेल त्याला विचारा, दुसऱ्या देशातल्या क्रिएटरच्या व्हिडिओवरून ठरवू नका. नोकरी सोडायचा विचार असेल तर सहा महिन्यांचा घरखर्च हातात हवा, आणि मागचे बारा महिने धंद्यातून काय आलं ते बघा, सगळ्यात चांगला महिना नाही, सगळ्यात वाईट तीन.

पायरी ८ : काय मोजायचं

सबस्क्रायबरचा आकडा दिवसातून दहा वेळा बघितला तरी तो तेवढाच राहतो, मी करून बघितलंय. आठवड्यातून एकदा, मी सोमवारी, तीनच गोष्टी बघते. पहिल्या ३० सेकंदांत किती लोक थांबले, परत येणारे प्रेक्षक वाढले का, आणि मेलला किती जणांनी उत्तर दिलं. पहिल्या ३० सेकंदांत आलेख कड्यासारखा कोसळत असेल तर तिथे बहुतेक तुमचं 'नमस्कार मंडळी, आज आपण' चालू असतं. माझ्याकडे ते ४० सेकंद चालायचं. आता बिघडलेली शिलाई थेट कॅमेऱ्यासमोर धरते आणि नमस्कार नंतर.

पायरी ९ : मदतनीस घेताना

आधी असं काम सोपवा ज्यात तुमचा आवाज, तुमचं मत लागत नाही. सबटायटल, अपलोड, मेलची मांडणी. ते तुम्ही कसं करता ते दोन पानांत लिहून काढा, ते लिहिता येत नसेल तर सोपवताही येणार नाही. पहिले काही महिने पगार नको, कामागणिक पैसे ठरवा, आणि वेळेवर द्या.

एडिटिंग मी सगळ्यात शेवटी सोपवलं. मुलगा हुशार, पहिला व्हिडिओ दोन दिवसांत करून पाठवला, रंग मस्त, कट मस्त, खाली हलकं संगीत. व्हिडिओ होता सुई वाकडी झाली की मशीन कसा टकटक आवाज करते त्यावर. आणि त्याने सॉफ्टवेअरने पाठीमागचा सगळा 'कचरा आवाज' साफ केला होता. मी पडद्यावर अगदी गंभीरपणे म्हणतेय, 'हा आवाज नीट ऐका', आणि मागे बासरी वाजतेय. त्या दिवशी माझ्या दोन पानांत सगळ्यात वर एक ओळ आली : मशीनचा आवाज पुसायचा नाही.